प्रफुलच्या नावाचा नमुना

सडक अर्जुनी
८ डिसेंबर २०१३

प्रफुल,

रेणूला तुझी अस्थिमज्जा हवी आहे, आणि तू चेन्नईला पाठवलेला नमुना तुझा नाही. या दोन गोष्टींमुळे तुझ्या मोठ्या आईला लिहावं लागत आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कंपनीच्या नव्हे, घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. तिथे निदान पोस्टमनला तरी दार उघडावं लागेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या बहिणीच्या हातातून पाण्याने भरलेला पितळी गुंड सुटला. तुझ्या आईने आधी तिला शिव्या दिल्या. मग तिचं तोंड वाकडं झालेलं दिसलं. सिकलसेलने पंधराव्या वर्षी तिच्या मेंदूतली नळी बुजवली. हात आता बराचसा वळतो, पण अक्षर पहिलीच्या पोरासारखं येतं. नागपूरच्या डॉक्टरांनी चेन्नईला पाठवलं. चेन्नईच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की औषधाने वेळ मिळेल, आजार जाणार नाही. सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळणारी मज्जा मिळाली तर आजार मुळापासून जाऊ शकतो. पुढचा झटका येण्याआधी ते व्हायला हवं. भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक. रेणूला भावंड एकच, आणि तो तू. आमच्या नशिबाची थट्टा यापेक्षा वेगळी ती काय असणार?

आमचं रक्त तिथेच घेतलं. तुझ्यासाठी त्यांनी गालातून फिरवायच्या कापूसकाड्या रायपूरला पाठवल्या. तू त्या परत धाडल्यास, तेही वेळेत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

परवा तिथल्या समुपदेशक बाईंचा फोन आला. इंग्रजी-हिंदी बोलणारी घरात मीच, म्हणून नंबर माझा दिलेला. त्यांनी तुझ्या आईला मागितलं. मी तुलसाच्या कानाला फोन लावला, पण तिला तो ऐकू येईना, म्हणून आवाज मोठा केला. त्या बाई फार मऊ आवाजात म्हणाल्या, "माँजी, बुरा मत मानिए. प्रफुल आपका अपना बेटा है ना? गोद लिया हुआ तो नहीं?"

तुलसाने माझ्याकडे पाहिलं. मग फोनला म्हणाली, "माह्या पोटचा नाई तं का बजारातून आनला? नऊ मैने तुह्या डाक्तरीननं उचलला का?"

दारात लखनलाल उभा होता. धानाचं पोतं खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि निघून गेला. रात्री म्हणाला, "धान उघडा आहे, तिकडेच झोपतो." तेव्हापासून तुझे वडील खळ्यावर झोपतात. धानाला राखण लागते, हे खरं आहे. पण धान त्याच्या लग्नापासून दरवर्षी येतं, आणि तो आजवर घरातच झोपत आला.

आता दहावीचा धडा पुन्हा वाच. तेव्हाही तू तो पाठ करून लिहिला होतास, समजून नाही. जुळणीच्या या खुणा पोराला अर्ध्या आईकडून आणि अर्ध्या बापाकडून मिळतात. तुझ्या नावाच्या नमुन्यात लखनलालचा अर्धा वाटा नाही. तुलसाचाही नाही. बापाचा नाही एवढंच धरून लोकांनी तोंड उघडलं आहे. पण आईचाही नाही, आणि तू कोणाच्या पोटातून आलास हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दाईला गरम पाणी मीच देत होते. म्हणजे बाई खोटी नाही, नमुना खोटा आहे. लखनलालला हे मी खळ्यावर जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, तुमी शिकलेल्या. कागद तं वेगळाच बोलते." कागदावर त्याचा फार विश्वास. तुझ्यावरही होता.

कोणाच्या गालातून काडी फिरवलीस ते तू जाण. वीस तारखेच्या आत इथे ये, आणि स्वतःचं रक्त दे.

सुलोचना


सडक अर्जुनी
२७ डिसेंबर २०१३

प्रफुल,

वीस तारीख गेली. तुझ्याऐवजी मोबाईलवर एक ओळ आली, ‘लॅबची चूक असेल, नाटक करू नका.’ आणि कुरियरने तुझ्या कंपनीचं रंगीत माहितीपत्रक. मुखपृष्ठावर गोरं बाळ आणि खाली ‘तुमच्या जनुकांनुसार, फक्त तुमच्यासाठी उपचार’. सोबत तुझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी: रेणूच्याच पोटावरच्या चरबीतून मूलपेशी काढून तिलाच देऊ, दाता शोधायची गरज नाही, घरचं म्हणून सवलत.

सवलत! मी ते माहितीपत्रक चुलीजवळ ठेवलं होतं, पण कागद गुळगुळीत आहे, नीट पेटत नाही.

गेल्या वर्षी गोंदियाच्या त्या लॉनवर तू पडदा लावून नाळेतलं रक्त जपण्यावर भाषण देत होतास. पोटुशा बायका, त्यांच्या सासवा, पुढच्या रांगेत तुझे सासरे भैयाजी फेटा बांधून. मी हात वर करून विचारलं होतं, "दोष बाळाच्या रक्तातच असेल, तर त्याच्याच नाळेतलं रक्त जपून त्याला काय उपयोग?" तू हसून म्हणालास, "ह्या आमच्या मोठी आई, निवृत्त झाल्या तरी तोंडी परीक्षा सोडत नाहीत." सगळे हसले. उत्तर तू दिलं नाहीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, आणि मला त्याचं एक दिवस वाईट वाटलेलं नाही. तोच प्रश्न आज तुझ्या बहिणीचा आहे. तिच्या प्रत्येक पेशीत तीच चूक लिहिलेली आहे, चरबीतल्याही. किडकं बियाणं त्याच धानाच्या बांधीत पुन्हा टाकून पीक सुधारतं का? शेतकऱ्याचा मुलगा आहेस, एवढं तरी उमजायला हवं होतं.

माहितीपत्रकाचा एक उपयोग झाला. मागे ऑफिसचा नंबर होता. दुपारी लावला तर तुझा ड्रायव्हर मुन्नालाल बोलला. दिवाळीत तुम्हाला घेऊन आला होता तेव्हा माझ्याकडे जेवला होता, त्याने आवाज ओळखला आणि छत्तीसगढीत सुरू झाला.

"पाँव परत हौं, अम्मा!"

मी सरळ विचारलं, साहेबांनी तुझ्या गालात काडी फिरवली का.

"हव अम्मा. साहब बोलिस, मुँह के जाँच हे, तंबाखू खाथस ना, गाल दे." मग घाबरला. "का निकलिस अम्मा? कोनो बीमारी तो नइ निकलिस?"

"बीमारी नहीं निकली, बेटा. इतना निकला कि तू मेरा भतीजा नहीं है."

तो म्हणाला, "ओ तो मोला पहिलीच ले पता रहिस, अम्मा."

मी हसले. नंतर स्वतःचाच राग आला, कारण आत रेणू पाय पोटाशी घेऊन पडली होती आणि तुलसा तिचे गुडघे शेकत होती.

तू हे का केलंस ते मला कळत नाही. मज्जा कमरेच्या हाडातून काढतात, तेही भूल देऊन. महिन्याभरात ती पुन्हा भरते. सुईला घाबरतोस असं म्हणावं तर गालात फिरवायची काडी काही सुई नव्हती. तू दुखण्याला घाबरलेला नाहीस, कशाला तरी दुसऱ्यालाच घाबरला आहेस. ते काय, मी शोधून काढीन. चाळीस वर्षं मी पोरांच्या बाह्यांतल्या चिठ्ठ्या काढल्या आहेत.

सुलोचना


सडक अर्जुनी
१५ जानेवारी २०१४

प्रफुल,

शोधायला लांब जावं लागलं नाही. उत्तर माझ्याच घरात, हायवेवरच्या टायरच्या दुकानात बसलेलं होतं.

काल संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेले. तिलक ट्रकच्या चाकाखाली अर्धा शिरला होता. मी त्याला मुन्नालालची गोष्ट सांगितली. माझा हा सुपुत्र चाकाखालूनच हसला आणि म्हणाला, "मंग या वेळी मले नाई बोलावलं त्यानं?"

मी म्हटलं, "या वेळी म्हणजे?"

हसणं थांबलं. पाना खाली पडला. मी म्हटलं, "बाहेर ये, तिलक."

"आई, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक थांबेल. बाहेर ये."

बाहेर आला, हात पुसत बसला. तुझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट मग त्याने जमिनीकडे पाहत सांगितली. भैयाजींनी पत्रिका बाजूला ठेवून सिकलसेलचं कार्ड मागितलं होतं. सालेकस्याच्या त्या माणसाने काही लपवलं नव्हतं. बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माझ्या रुचिला आजार नाही, पण ती वाहक आहे. तुमच्या घरात रेणू आहे. म्हणून मुलगा तपासलेला हवा. दोघंही वाहक निघाले तर आपण चहा पिऊन उठू, राग धरायचा नाही." मी त्या बैठकीत होते. मला तो माणूस फार आवडला होता.

आणि मग आरोग्य केंद्राच्या शिबिरात प्रफुल लखनलाल पटले या नावाने तिलक बसला. त्याच्या बोटाला टोचलं, त्याचं रक्त साफ निघालं, आणि कार्डावर नाव तुझं चढलं.

मी विचारलं, "काऊन केलं तू हे?" रागात मीही याच बोलीवर येते.

"आई, त्यात का होते? धान खरेदीच्या लाईनीत मी त्याच्या नावानं उभा राहतो, तो माह्या. रोजगार हमीच्या हजेरीवर अर्धा गाव दुसऱ्याच्या नावानं राहते. तो म्हने, एक बोटच तं आहे."

एक बोटच तर आहे. प्रफुल, या मुलखात कोणी कोणाच्याही नावाने उभा राहतो, हे मला ठाऊक आहे. शाळेत हजेरी घेताना एकच पोरगा तिघांच्या ‘हजर’ ओरडायचा. धानाच्या रांगेत ते चालतं, कारण धान कोणाचंही असलं तरी धानच असतं. रक्ताला ते चालत नाही. तिलकला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. दोन ट्रक ड्रायव्हर आणि एक चहावाला साक्षीला होते, ते सांगतील.

आता सगळं सरळ दिसतं. चेन्नईला खरा नमुना दिला असतास तर जुळणीबरोबर तुझं सिकलसेलही तपासलं गेलं असतं. वाहक निघाला असतास तर तुझं साफ कार्ड खोटं ठरलं असतं, आणि तो कागद रुचिच्या हाती लागला असता. स्वतःचं रक्त काय आहे ते तुला आजही ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. इतरांच्या पोटातल्या बाळांची जनुकं वाचून दाखवायची दुकानदारी करणारा माणूस, स्वतःच्या एका थेंबाला भितो!

यातला सगळ्यात मूर्खपणाचा भाग ऐक. मी आज चेन्नईच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, भाऊ वाहक असला तर मज्जा चालते का. त्या म्हणाल्या, "चालते. आजारी नसला म्हणजे झालं. आम्ही वाहक भावंडांची घेतो." कळलं? रेणूसाठी तू वाहक आहेस की नाहीस याला काही किंमत नाही. जे झाकायला तू तिचा जीव टांगणीला लावलास, ते तिच्या कामाच्या आड येतच नव्हतं. एका प्रश्नाचं काम होतं. तू विचारला नाहीस, कारण प्रश्न विचारणाऱ्यांना तू ‘तोंडी परीक्षा’ म्हणून हसतोस.

परवा रेणूचे डोळे पिवळे झाले, रक्त चढवावं लागलं. तिने मला विचारलं, "मोठी आई, दादाचं जुळलं नाही का?" मी म्हटलं, तपासणी पुन्हा करायची आहे. हे खरं आहे, म्हणून सांगता आलं.

रुचिला मी सांगणार नाही. ते तुझं तोंड, तुझं काम. सव्वीस तारखेपर्यंत तिला सांग आणि इकडे ये. हे पत्रही घरच्याच पत्त्यावर टाकते आहे, पाकिटावर तुझं नाव ठळक आहे. तुमच्या घरात दुसऱ्याच्या नावाचं दुसरा वापरतो, हे मला आता कळलं आहे. तेव्हा लवकर उघड.

सुलोचना


सडक अर्जुनी
३ फेब्रुवारी २०१४

प्रफुल,

रुचि इथे आहे. काळजी करत असशील तर करू नको. करत नसशील तर तेही तिला कळलेलंच आहे.

काल रायपूरच्या बसने देवरीमार्गे एकटी आली. हातात पिशवी, पिशवीत माझी तिन्ही पत्रं. पहिली दोन तू स्कूटरच्या डिकीत कोंबून ठेवली होतीस. तिसरं तिच्या हातात पडलं, ते तिने फोडलं आणि मग डिकी. मी तिला म्हटलं, दुसऱ्याचं पत्र फोडू नये. ती म्हणाली, "मोठी आई, दुसऱ्याचं बोट चालते तं दुसऱ्याचं पत्र काऊन नाई?" पोरगी हुशार आहे. तुझ्या वाट्याला कशी आली याचं उत्तर आता सगळ्यांना माहीत आहे.

तिला दुसरा महिना चालू आहे. ही बातमी तुझ्याकडून आम्हाला कळायला हवी होती. तुझ्याकडून काही कळण्याची सवय आम्हाला नाही, म्हणून चाललं.

तुलसाने तिला जेवायला वाढलं. भात, चण्याची भाजी, भिवापुरी मिरचीचा ठेचा. जेवता जेवता रुचि म्हणाली, "आई, तुमच्यावर लोक का म्हनून राहिले ते मी वाचलं." तुलसा म्हणाली, "म्हनू दे. लोकाइचं तोंड आहे. पन तुहा सासरा खऱ्यावर झोपून राहिला, त्याचं का करू?" धान विकून महिना झाला. खळं रिकामं आहे. लखनलाल अजून तिथेच झोपतो, रिकामं खळं राखतो.

मग रुचि रेणूच्या खोलीत गेली. रेणूचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. बराच वेळ एका हाताने तिचं कपाळ चेपत होती आणि दुसरा हात स्वतःच्या पोटावर होता. मी दारातून मागे फिरले.

तिचा निरोप शब्दशः देते, कारण तो तुला मऊ करून सांगण्याची माझी इच्छा नाही. "ह्यांना सांगा, आधी रेणूसाठी रक्त द्या. मग माझ्या पोटातल्यासाठी. मग घरी या. याच्यात उलटासुलटा क्रम चालनार नाई." भैयाजींना तिने अजून सांगितलेलं नाही. सांगेल तेव्हा ते चहा पिऊन उठणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

बारा तारखेची चेन्नईची तिकिटं काढली आहेत, तुझं धरून. गोंदिया स्टेशन. उशीर केलास तर गाडी थांबणार नाही, आणि मीही नाही.

सुलोचना


सडक अर्जुनी
२२ मार्च २०१४

प्रफुल,

जुळलं.

सगळं जुळलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. चारातला एक तो तूच. तुझ्यात लखनलालचा अर्धा वाटा आणि तुलसाचा अर्धा, आणि रेणूला मिळाले तेच दोन्ही. सगळ्या खानदानात तिच्याशी मिळताजुळता माणूस एकच, आणि तोच पळत होता.

तू वाहक आहेस, हेही नक्की झालं. रुचिच्या पोटातल्या बाळाची तपासणी झाली. बाळ वाहक आहे, आजारी नाही. हा पेपर तुला सोपा गेला. अभ्यास तुझा नव्हता. भैयाजींना रुचिने आधी तुझं सांगितलं, मग बाळाचं. ते माझ्याकडे येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, मी कार्ड मागितलं, माणूस मागायचा राहून गेला."

लखनलालला मी जुळल्याचं सांगितलं. "बरं," म्हणाला. रात्री खळ्यावरच गेला. एवढे दिवस बाहेर झोपल्यावर कोणत्या तोंडाने आत यायचं हे त्याला कळत नसावं. बाप-लेकात सारखेपणा आहे, त्यासाठी चेन्नईची तपासणी नको होती.

आता पुढचं नीट वाच. फेब्रुवारीत रक्त देऊन तू तिसऱ्या दिवशी पळालास, डॉक्टरीणबाईंचं बोलणं पूर्ण ऐकलं नाहीस. मी ऐकलं. तासभर त्या रेणूबद्दलच बोलत होत्या. तिच्या यकृतात लोह किती साठलं आहे, मेंदूची नळी कुठे अरुंद आहे, वजन किती, कोणत्या औषधाने तिच्या अंगाला काय होतं. त्यावरून तिच्यासाठी औषधांची मात्रा बसवली. शेजारच्या खाटेवरच्या पोराची वेगळी. तुझ्या माहितीपत्रकातलं ‘फक्त तुमच्यासाठी’ मी तिथे प्रत्यक्ष पाहिलं. त्यात गोरं बाळ नव्हतं. एक थकलेली बाई होती, तिच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, आणि ‘बरी होईलच’ असं तिने एकदाही म्हटलं नाही. शंभरातली काही पोरं यात जातात, हेही तिने सांगितलं. तुलसाने विचारलं, "अन् नाई केलं तं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर दुसरा झटका कधी येईल ते मी सांगू शकत नाही. तुलसा म्हणाली, "मंग करा."

बारा मेपासून रेणूची स्वतःची मज्जा औषधाने मारायला सुरुवात होईल. एकदा ती मेली की मागे फिरता येत नाही. तुझी मज्जा आली नाही तर तिच्या अंगात रक्त तयारच होणार नाही. म्हणून त्यांची अट आहे की दाता त्याआधी तिथे हजर हवा, आणि शेवटपर्यंत चेन्नई सोडायची नाही. तू नऊ मे रोजी पोचायचं. ताप आला, कंपनीची मीटिंग आली, अंगात आलं, तरी पोचायचं. इथे मुन्नालाल चालणार नाही. तिलकही चालणार नाही. जगात कोणीच चालणार नाही. तुझ्यासारख्याची इतकी गरज कोणाला लागावी, हे मला पटत नाही, पण आहे.

रेणूला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, दादाचं जुळेल." तिला मुन्नालालचं काही माहीत नाही. माझ्याकडून कळणार नाही.

सुलोचना


चेन्नई
२३ मे २०१४

चि. प्रफुल,

तू आठ तारखेलाच आलास, हे मी पाहिलं. काल सकाळी तुला नेलं तेव्हा तुझे ओठ पांढरे होते, तेही पाहिलं. आज दुपारी रुचि तुला घेऊन गेली, तेव्हा मी रेणूच्या काचेपाशी होते. म्हणून बोलणं झालं नाही. झालं असतं तरी फार काही झालं नसतं.

मी आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेचा कारभार सांभाळला. काही दिलं-घेतलं की नोंद ठेवते. या प्रकरणात इतकं काही खोट्या नावाने दिलं गेलं की खरी नोंद एकदा झालेली बरी. खाली लिहिते. प्रत रुचिकडे.

एक. अस्थिमज्जा, एक पिशवी, गडद लाल. देणारा प्रफुल लखनलाल पटले, स्वतः. घेणारी रेणू लखनलाल पटले. काल दुपारी छातीतल्या नळीतून थेंब थेंब गेली. मी काचेबाहेर होते. रेणूला हुडहुडी भरली, ती म्हणाली छातीत गार लागते. धरली की नाही ते दोन-तीन आठवड्यांनी कळेल. आज ताप नाही.

दोन. निरोप, एक. शुद्धीवर आल्यावर तू नर्सला म्हणालास, "रेणूला सांगा, काही दुखलं नाही." कूस बदलताना तू काय तोंड केलंस ते मी पाहिलं आहे. तरी निरोप जसाच्या तसा पोचवला. घेणारी रेणू. ती हसली. हे खोटं तुझ्या स्वतःच्या नावावर राहू दे.

तीन. जुनं सिकलसेल कार्ड, नाव तुझं, रक्त तिलकचं. आरोग्य केंद्राच्या सिस्टरकडे परत दिलं. तिलकने स्वतः उभं राहून सांगितलं, कान धरावा लागला नाही. सिस्टरने त्यावर रेघ मारली.

चार. नवीन कार्ड, प्रफुल लखनलाल पटले, वाहक. घेणारी रुचि. तुझ्या हातात दिलेलं नाही. तिने पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली.

पाच. जुळणीच्या अहवालाची प्रत. घेणारा लखनलाल. तो काल गोंदियाहून पोचला. धोतर चुरगळलेलं, हातात रेणूसाठी आंब्यांची पिशवी, जी नर्सने आत नेऊ दिली नाही. कागद तुझा विश्वासाचा ना, मग हा घे, असं म्हणून दिला. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून बाकावर बसून मी बोट ठेवून वाचून दाखवलं. हा अर्धा तुझा. हा अर्धा तुलसाचा. रेणूत तेच, प्रफुलमध्ये तेच. त्याने बराच वेळ कागद धरून ठेवला. मग घडी घालून कोपरीच्या आतल्या खिशात घातला. आंब्यांच्या पिशवीतून एक आंबा काढला, धोतराला पुसला आणि शेजारी बसलेल्या तुलसापुढे धरला. मग कागद मिळाल्याची सही केली, मोठ्या अक्षरात.

तुलसाने आंबा घेतला नाही. बाकावर ठेवला. नोंदीत तिचं नाव कुठे लिहू, म्हणून विचारलं, तर काचेकडे पाहत म्हणाली, "माहं नाव नोको लिहू. मले कोनी काईच देल्लं नाई."

तेवढं तिच्या सांगण्यावरून लिहिलं आहे.

सुलोचना पटले